वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पुन्हा कशी सुरू करावी? – घरासाठी आणि वर्गासाठी एक पाठ



आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गावच्या वाड्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली एखादी जुनी गाडी असते. आजोबांनी हौसेने घेतलेली, बाबा जिच्यावर चालवायला शिकले ती. विकायला मन होत नाही आणि चालवायला सवड होत नाही, म्हणून ती तशीच उभी राहते. मग एखाद्या सुट्टीत घरात कोणीतरी म्हणतेच, "नवी बॅटरी टाकू, सेल्फ मारू, बघा कशी चालू होते!"

आजचा पाठ या वाक्याभोवती आहे. कारण गाडी सुरू होणे ही एक गोष्ट आणि गाडी रस्त्यावर नेण्याजोगी होणे ही अगदी वेगळी गोष्ट. इंजिनाचा आवाज आला की सगळे टाळ्या वाजवतात, मुले मागच्या सीटवर चढतात, आणि त्या आनंदात ब्रेक लागतात की नाही हे बघायचे राहून जाते. म्हणून पाठाचे सूत्र सुरुवातीलाच फळ्यावर लिहून ठेवू:

आधी थांबण्याची सोय, मग चालण्याची. चावी सगळ्यात शेवटी.

हा पाठ इयत्ता ५ वी ते १० वीच्या मुलांबरोबर घेता येतो. गंज, बाष्पीभवन, विद्युतघट, पास्कलचा नियम, आम्ल-आम्लारी हे सगळे पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असते. उभ्या गाडीत ते एकाच ठिकाणी सापडते.

उदाहरणासाठी कोणती गाडी?

आपण मारुती ८०० घेऊ. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची चावी मालकाला दिली गेली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत ती इतक्या घरांत पोचली की आजही उभ्या गाड्यांमध्ये ती हमखास दिसते. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. जुन्या मॉडेलमध्ये कार्ब्युरेटर असतो, कॉम्प्युटर नसतो. त्यामुळे प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो आणि त्याचे काम मुलांना समजावता येते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी असो किंवा अँबेसिडर, तपासणीचा क्रम जवळपास हाच राहतो.

उभी गाडी खराब का होते?

मुलांना हा प्रश्न आधी विचारा. बहुतेक जण म्हणतील, "वापरलीच नाही, मग खराब कशी होईल?" छान प्रश्न आहे. सायकल, शिलाई मशीन, विहिरीवरचा पंप, कोणतेही यंत्र वापराने झिजते, पण न वापरल्याने कुजते. का, ते एकेक करून पाहू.

*लोखंड:* लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. गाडी चालत असते तेव्हा इंजिनातले तेल सगळीकडे फिरते आणि धातूवर पातळ थर धरून ठेवते. गाडी उभी राहिली की तेल हळूहळू खाली निथळते आणि सिलिंडरची भिंत उघडी पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही कोकणातल्या दमट आणि खारट हवेत, पुढचे काम निसर्ग करतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणूनच पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि ब्रेकचे शू ड्रमला धरून बसतात.

*पेट्रोल:* पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि तेच इंजिन सहज पेटायला मदत करतात. जे उरते त्याची ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन चिकट थर तयार होतो. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो तो यामुळेच. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे असते, तिथे हा चिकटा बसला की रस्ता बंद. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांनाही ते फारसे मानवत नाही.

*बॅटरी:* बॅटरी कशालाही न जोडता ठेवली तरी ती आपोआप उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. मग कितीही चार्ज केली तरी ती वीज धरत नाही.

*रबर:* टायर, बेल्ट, ब्रेकचे वॉशर, पेट्रोलच्या नळ्या. ऊन, उष्णता आणि काळ यांनी रबर कडक होते, तडकते.

*पाहुणे:* उंदीर, घुशी, मुंग्या, मातीचे घर करणाऱ्या गांधीलमाश्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचे घरटे आणि कुरतडलेल्या वायरी हे आपल्याकडच्या उभ्या गाडीचे नेहमीचे चित्र.

तीन गोष्टी ज्या करू नयेत

पुढे जाण्याआधी, आपल्याकडे हमखास केल्या जाणाऱ्या तीन गोष्टी थांबवू.

१. धक्का मारून सुरू करणे. इंजिन आतून चिकटलेले असेल तर धक्क्याच्या जोराने पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. शिवाय ब्रेक तपासलेले नसताना उतारावर ढकललेली गाडी थांबवणार कोण?

२. कार्ब्युरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून सेल्फ मारणे. इंजिनाने उलटा भडका दिला तर ज्वाळा थेट ओतणाऱ्याच्या तोंडाकडे येते.

३. टाकीतले जुने पेट्रोल तोंडाने नळी ओढून काढणे. पेट्रोल घशातून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. हातपंप शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

ही तिन्ही कामे मुले मोठ्यांना करताना बघतात आणि "असेच करायचे असते" म्हणून शिकतात. म्हणून आपण ती केली नाहीत आणि का केली नाहीत ते सांगितले, तर निम्मा पाठ तिथेच झाला.

पायरी १ : नुसते बघणे आणि लिहिणे

पहिल्या दिवशी पाना हातात घेऊ नका. एक वही, पेन, टॉर्च आणि मोबाईलचा कॅमेरा पुरे. मुलांना गाडीभोवती फिरून निरीक्षणे लिहू द्या:

- गाडी किती वर्षे उभी आहे? उभी करताना काही तक्रार होती का? घरातल्या मोठ्यांना विचारा.
- खाली तेलाचा, पाण्याचा डाग आहे का? कुठल्या भागाखाली?
- चारही टायर आणि स्टेपनीवरचा चार आकडी क्रमांक कोणता? टायरच्या बाजूला '२३१९' असे दिसले तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. मुलांना ही गुप्त भाषा फार आवडते.
- बॉनेटखाली लेंड्या, कापूस, कुरतडलेली वायर दिसते का?
- गाडीच्या तळाला, दारांच्या खाली, चाकांच्या आतल्या बाजूला गंज किती आहे?

शेवटचा मुद्दा निर्णयाचा आहे. मारुती ८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. मोठ्या माणसाने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तळ टोचून बघावा. वरवरचा गंज खरवडून काढता येतो. पण टोक आरपार गेले, आणि तेही सस्पेन्शन जिथे बसते त्या जागी, तर आधी चांगल्या पत्रा-वेल्डिंगवाल्याला दाखवा आणि मगच पुढचा खर्च करा. इंजिन दुरुस्त होते, पण कुजलेल्या सांगाड्यात बसवलेल्या सीट बेल्टचा उपयोग नसतो.

पायरी २ : थांबण्याची सोय – ब्रेक आणि टायर

बहुतेक लोक इथे येतात ते सगळ्यात शेवटी. आपण आधी येऊ.

ब्रेकचे काम पास्कलच्या नियमावर चालते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑईलवर दाब येतो, तो नळीतून सगळीकडे सारखा पसरतो आणि चाकापाशी शू किंवा पॅड दाबले जातात. द्रव दाबला जात नाही म्हणून हे शक्य होते. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर पायाचा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो, पेडल स्पंजासारखे लागते.

आणखी एक बाब. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे नवे ब्रेक ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असे प्रमाण आहे. पाणी शोषल्यानंतर तीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर ते तापते, आतले पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जाते. अंगणात ठीक वाटणारे ब्रेक खंबाटकीत किंवा कशेडीत दगा देतात ते यामुळे. गाडी बरीच वर्षे उभी असेल तर ब्रेक ऑईल पूर्ण बदलायचेच, त्यात चर्चा नको.

मेकॅनिककडून करून घ्यायची कामे:

- चारही चाके उघडून शू, पॅड, व्हील सिलिंडर आणि आतले रबर बघणे. गळती किंवा गंज असेल तर बदलणे.
- चाकाजवळच्या लवचीक रबरी नळ्या बदलणे. वरून चांगल्या दिसल्या तरी आतून फुगलेल्या असू शकतात.
- नवे ब्रेक ऑईल भरून चारही चाकांची हवा काढणे.
- हँडब्रेकची केबल मोकळी करणे.

मग साधी परीक्षा. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि एक मिनिट तसेच धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. पेडल टणक राहिले तर गाडी सपाट जागी दोघांनी ढकलून ब्रेक लावून बघा.

टायरचे बोलायचे तर नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला आहे, हा गैरसमज काढून टाका. बाजूला बारीक भेगा असतील, एकाच जागी उभे राहून टायर चपटा झाला असेल, किंवा तो दहा वर्षांपेक्षा जुना असेल, तर बदला. स्टेपनीसुद्धा.

एक सक्त नियम: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. खाली मजबूत स्टँड, उरलेल्या चाकांना लाकडी ओट किंवा दगड, आणि जमीन सपाट. मुले त्या वेळी पाच पावले लांब.

पायरी ३ : बॅटरी आणि वायरी

गाडीच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येकाचा दाब साधारण २.१ व्होल्ट. गुणाकार मुलांना करू द्या: ६ × २.१ = १२.६. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी शांत असताना मल्टिमीटरवर साधारण एवढाच आकडा दाखवते. आकडा १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ उतरली आहे. काही वर्षे उभ्या गाडीतली बॅटरी सहसा गेलेलीच असते. नवी घ्यावी आणि जुनी दुकानदाराला परत द्यावी. शिसे विषारी आहे, ते भंगारात किंवा कचऱ्यात जाऊ नये.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमलेली असते. बॅटरी काढल्यावर ते वायरींचे टोक खायच्या सोड्याच्या पाण्याने धुता येते. आम्लावर आम्लारी पडली की फसफस होते, हा धडा हातमोजे आणि चष्मा घालून इथेच घेता येईल. काढताना आधी निगेटिव्ह वायर, लावताना आधी पॉझिटिव्ह. कारण विचारा: गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट सर्किट आणि ठिणगी. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिथे ठिणगी नको.

कुरतडलेल्या वायरींना वरून नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. वायरमनकडून तेवढा तुकडा बदलून घ्या.

पायरी ४ : पेट्रोल, तेल, पाणी

टाकीत थोडेसे पेट्रोल ठेवून गाडी उभी केली असेल तर वरच्या रिकाम्या जागेतल्या ओलसर हवेचे पाणी होऊन ते तळाशी जाते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी खाली. टाकी आतून गंजते ती अशी तळातून. जुने पेट्रोल मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट आणि उघड्या दिव्यापासून लांब, मेकॅनिककडून काढून घ्या. ते गटारात ओतायचे नाही. टाकी धुऊन घ्यायची, पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि फिल्टर नवे, कार्ब्युरेटर उघडून साफ.

इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर सुरू करण्याआधीच बदला. जुन्या तेलात पाणी आणि आम्ले साठलेली असतात. काढलेले तेल कॉफीसारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे, आणि कुठून गेले ते शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही.

रेडिएटरमधले पाणी बघा. वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरलेले असेल तर ते तांबडे झालेले असते. धुऊन, योग्य प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. लहान मुले, कुत्री-मांजरे यांच्यापासून त्याचा डबा आणि सांडलेले थेंब दूर ठेवा.

टायमिंग बेल्ट रबराचा असतो, तोही आत्ताच बदला. झडपांची उघडझाप आणि पिस्टनची वरखाल यांचे वेळापत्रक तोच सांभाळतो.

पायरी ५ : आता इंजिन, पण हाताने

तिन्ही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. थांबण्याचेही काम असते, हे मुलांना सांगण्याची ही चांगली संधी. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, हळूहळू फिरवा. सहज फिरले तर उत्तम. अडले तर जोर लावू नका, पुन्हा तेल घाला, आणखी एक-दोन दिवस थांबा. तरीही हलले नाही तर इंजिन उघडावे लागणार, आणि हे कळणेसुद्धा फायद्याचेच. सेल्फ मारून कळले असते तर मोडतोड होऊन कळले असते.

मोकळे फिरल्यावर प्लग बाहेरच ठेवा, इग्निशन आणि पेट्रोलची नळी तोडून ठेवा आणि थोडा-थोडा वेळ सेल्फ मारा. आत दाब तयार होत नसल्याने इंजिन हलके फिरते आणि तेल सगळीकडे पोचते. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझला की समजावे, तेलाचा दाब तयार झाला.

पायरी ६ : चावी

प्लग लावा, वायरी आपापल्या क्रमाने जोडा, ताजे पेट्रोल थोडेच घाला. गाडी उघड्या जागी ओढून आणा. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही सुरू करायचे नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. शेजारी कोरड्या पावडरचे अग्निशामक असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. सुरू झाली की ॲक्सिलरेटर दाबून गुरकावण्याचा मोह टाळा. बघायचे काय?

- तेलाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद.
- सुरुवातीचा पांढरा धूर पाण्याच्या वाफेचा आणि ओतलेल्या तेलाचा असू शकतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर रेडिएटरचे पाणी आत जळत असेल, निळसर राहिला तर तेल जळतेय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातेय.
- इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक.
- तापमानाचा काटा मध्यावर थांबतो का? रेडिएटरचा पंखा सुरू होतो का?
- खाली काही गळतेय का?

सुरूच झाली नाही तर?

मला वाटते, या सगळ्या उद्योगातला मुलांसाठी सगळ्यात मोलाचा भाग हाच. बहुतेक घरांत अशा वेळी सगळे एकदम सगळे बदलू लागतात: प्लग, कॉईल, पंप. खर्च होतो आणि दोष कशात होता ते कधीच कळत नाही. त्याऐवजी फळ्यावर असा वृक्ष काढा:

१. सेल्फ फिरतो का? नाही: बॅटरी, तिच्या वायरी, पत्र्याला जोडलेली अर्थची वायर, सेल्फ मोटर. हो: पुढे जा.

२. प्लगला ठिणगी येते का? (हे मेकॅनिकच बघेल, मुले नाहीत.) नाही: डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कॉईल, वायरी. हो: पुढे.

३. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येते का? नाही: नळी, फिल्टर, पंप. हो: पुढे.

४. सिलिंडरमध्ये दाब तयार होतो का? नाही: झडपा, रिंगा, टायमिंग.

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम वहीत लिहा. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच शिकवतो, पण तिथे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. इथे ते छापलेले नसते. गणितात अडलेले मूल "मला येतच नाही" म्हणते, तेव्हा त्याला हाच वृक्ष आठवून देता येतो: कुठपर्यंत येते? नेमके कुठे अडते?

रस्त्यावर नेण्याआधी कागद

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओकडून तपासणी करून नूतनीकरण करावे लागते आणि ते पाच वर्षांसाठी मिळते. किमान थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी हवेच. गाडी चालू झाली म्हणून "इथल्या इथे एक चक्कर" मारू नका. विमा नसलेल्या गाडीने कोणाला धक्का लागला तर भरपाईचा भार कुटुंबावर येतो.

कागद झाल्यावरही पहिले काही दिवस जवळच्या जवळ, कमी वेगाने, आणि मुलांना न घेता चालवा. साधारण ५०० किमीनंतर इंजिन ऑईल पुन्हा बदला, कारण आतला सुटलेला मळ त्यात आलेला असतो.

आणि तपासणीअंती खर्च झेपणारा नाही असे दिसले तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात गाडी रीतसर देऊन प्रमाणपत्र घ्या, नोंदणी रद्द करा. आजोबांच्या आठवणीचा अपमान होत नाही त्यात. स्टिअरिंग किंवा नंबरप्लेटचा फोटो भिंतीवर लावता येतो. ब्रेक नसलेली गाडी भावनेपोटी चालवणे मात्र कोणत्याही आजोबांना आवडणार नाही.

मुलांना कोणते काम द्यावे?

- *इयत्ता ५ वी-६ वी:* निरीक्षण वही, टायरचे क्रमांक, फोटो, पान्यांची मोजणी, काढलेले नट-बोल्ट नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवणे.
- *इयत्ता ७ वी-८ वी:* मोठ्यांच्या देखरेखीत मल्टिमीटरने व्होल्ट मोजणे, खर्चाचा तक्ता, गाडीबाहेर काढलेले वायरींचे टोक सोड्याने साफ करणे.
- *इयत्ता ९ वी-१० वी:* दोषवृक्ष तयार करणे, मेकॅनिकची मुलाखत घेणे, हाताने इंजिन फिरवताना चार टप्पे ओळखणे: आत घेणे, दाबणे, पेटणे, बाहेर टाकणे.
- *कोणत्याही वयात नाही:* पेट्रोल, बॅटरीतले आम्ल, गाडीखाली जाणे, चालू इंजिनाजवळ हात.

मेकॅनिककाकांना वर्गात बोलवायला विसरू नका. नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा माणूस हा निरीक्षणाचा मोठा शिक्षक असतो. त्यांच्या हातातले ज्ञान हेही ज्ञानच आहे, हे मुलांनी आपल्या शाळेत ऐकले पाहिजे.

गाडी नसली तरी वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. दोन सिरिंज: सुई नसलेल्या दोन सिरिंज सलाईनच्या नळीने जोडा, पाणी भरा. एक दाबली की दुसरी लगेच सरकते. आता मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा सोडा आणि फरक अनुभवा. ब्रेकची हवा का काढतात, हे पुन्हा सांगावे लागणार नाही.

२. तीन खिळे: एक पाण्यात अर्धा बुडवलेला, एक उकळून गार केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, एक कोरड्या बाटलीत. आठवडाभर नोंदी ठेवा. शक्य असल्यास चौथा मिठाच्या पाण्यात ठेवून कोकणातल्या गाड्यांचा विचार करा.

३. बाष्पीभवन: काचेवर एक थेंब सॅनिटायझर, एक थेंब खोबरेल तेल. कोण आधी उडते? पेट्रोल वर्गात आणू नका.

४. बंद टॉर्च: टॉर्चमध्ये मुद्दाम एकच दोष करा: सेल उलटा, मध्ये कागदाचा तुकडा, किंवा बल्ब सैल. गटाने आधी दोषवृक्ष लिहायचा, मग टॉर्च उघडायची.

विचार करा आणि लिहा

१. न वापरलेली गाडी खराब का होते? तीन कारणे विज्ञानाच्या आधारे सांगा.
२. बॅटरी काढताना निगेटिव्ह वायर आधी का काढतात?
३. जुने ब्रेक ऑईल सपाट रस्त्यापेक्षा घाटात जास्त धोकादायक का?
४. गाडी सहा महिने उभी ठेवायची असेल तर आज काय कराल? (सूचना: टायरची हवा, बॅटरीची वायर, हँडब्रेक सोडून चाकाला ओट, टाकीचा विचार करा.)
५. तुमच्या घरातले न वापरलेले एखादे यंत्र निवडा. ते सुरू करण्याआधी काय-काय तपासाल, याचा क्रम लिहा आणि प्रत्येक पायरीचे कारण द्या.

पालकहो, घरी अशी गाडी असेल तर या रविवारी एवढेच करा: कापड काढा, मुलांच्या हातात वही द्या आणि पायरी १ पूर्ण करा. चावी घरातच राहू द्या. शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या दोषवृक्षांचे फोटो आणि मुलांनी विचारलेले प्रश्न नक्की कळवा.